यंत्र आपले, पुस्तक मात्र कुलपात

शिवणयंत्र विकत घेतले तर खोक्यातून दोन-चार बॉबिन, तेलाची कुपी आणि एक पुस्तिका निघते. प्रेशर कुकरचेही तसेच. गॅस्केट कशी बसवायची, शिटी का होत नाही, व्हॉल्व्ह कधी बदलायचा, हे सारे चित्रांसह छापलेले असते. आपल्या घरांतून ही पुस्तिका बहुधा कपाटातल्या कागदाखाली जाऊन बसते. पण ती मिळते. ती मागण्यासाठी करार करावा लागत नाही आणि शेजारणीला वाचायला दिली म्हणून कंपनी नोटीस पाठवीत नाही.

या वेळी आम्हांला अशा यंत्रांविषयी लिहावयाचे आहे, ज्यांची किंमत शिवणयंत्राच्या कितीतरी पट असते, जी पुष्कळदा सरकारी पैशातून घेतली जातात, ज्यांच्यावर आपले रेशन आणि पेन्शन अवलंबून असते. आणि तरीही ज्यांची पुस्तिका पूर्ण किंमत मोजणाऱ्यालासुद्धा "आधी करार क्रमांक सांगा" असे म्हणून नाकारली जाते.

भिंतीवरचा डबा

बँकेच्या शाखेत, तहसील कचेरीत, पतपेढीत किंवा शाळेच्या संगणक कक्षात गेलात तर भिंतीवर एक काळा-करडा डबा दिसेल. त्यातून वायरी निघालेल्या असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. त्याला कोणी स्विच म्हणतात, कोणी राउटर. टपाल कचेरीत सॉर्टर असतो. प्रत्येक पत्रावरचा पत्ता वाचून ते कोणत्या थैलीत टाकायचे हे तो ठरवतो. हा डबा तेच काम करतो, फक्त त्याची पत्रे विजेच्या वेगाने येतात आणि एका सेकंदात हजारोंनी येतात. ज्या ग्रामपंचायतीत भारतनेटची तार पोहोचली आहे तेथेही अशीच एक पेटी असते. केंद्र सरकारने २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने ही योजना मंजूर केली आणि २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. मोबाईलच्या मनोऱ्याखाली ज्या पेट्या असतात त्यांतही याच जातीची यंत्रे बसवलेली असतात.

हा डबा बंद पडला की काय होते, ते आमच्या आयाबहिणींना सांगण्याची गरज नाही. रेशन दुकानात अंगठा लागत नाही. निराधार योजनेचे पैसे खात्यात असूनही हातात येत नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असते. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या," असे उत्तर मिळते. उद्या म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली आणि मांगेली-तळकटहून दोडामार्गला येण्याजाण्याचे भाडे पुन्हा पदरचे गेले. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या सिंधुदुर्गातल्या मुलांनी डोंगरावर चढून, झोपडी उभारून, रेंज पकडत अभ्यास केला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा हा डबा म्हणजे शहरातल्या साहेब लोकांची चैन, असे कोणी समजू नये.

त्यात आमचा दोडामार्ग. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका एका अंगाने गोव्याला आणि दुसऱ्या अंगाने तिलारीच्या घाटाला टेकलेला. येथे पाऊस पडतो तो झोडपून पडतो. वीज जाते, येते, पुन्हा जाते. पावसाच्या आरंभी आणि अखेरीस आकाशातल्या विजा कडाडतात आणि वायरींतून थेट यंत्रात उतरतात. म्हणजे यंत्रे बिघडण्याचे प्रमाण आपल्याकडे जास्त आणि कंपनीचा अभियंता मात्र पणजी, पुणे किंवा बेंगळुरूला. अशा ठिकाणी दुरुस्ती करतो तो कोण? आपल्याच वस्तीतला आय.टी.आय. नाही तर डिप्लोमा झालेला पोरगा. त्याच्या हाती पक्कड आहे, टेस्टर आहे, हुशारी आहे. नाही ते पुस्तक.

करार संपला, वाचन संपले

आमच्या परिचयाचा एक तरुण रोज सकाळी मोटरसायकलने गोव्यात जातो. एका ठेकेदाराकडे तो रोजंदारीवर नेटवर्कची कामे करतो. एका कार्यालयातला मोठा स्विच सुरू होता होता मध्येच थांबे आणि पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटे. त्या क्रमांकाचा अर्थ काय, एवढेच त्याला हवे होते. अर्थ सांगणारा कागद कंपनीने तयार केलेला होता आणि तो इंटरनेटवर ठेवलेलाही होता. पण ते पान उघडण्यासाठी खाते लागत होते आणि खाते उघडण्यासाठी देखभालीचा चालू करार. ग्राहकाचा करार दोन महिन्यांपूर्वी संपला होता. फोन केला तेव्हा सांगण्यात आले की नव्या वर्षाचे पैसे भरा, शिवाय मधल्या दोन महिन्यांचेही भरा, मग बोलू.

फाईल वर गेली, खाली आली, नऊ दिवस गेले. शेवटी करार झाला, पान उघडले आणि बिघाड सापडला. वीजपुरवठ्याचा एक भाग आपल्या खाचेत नीट बसलेला नव्हता. काम दहा मिनिटांचे! त्या नऊ दिवसांतली चार दिवसांची मजुरी ठेकेदाराने कापली, कारण "काम झाले नाही". कंपनीला करार मिळाला, ठेकेदाराला बिल मिळाले, कार्यालयाला यंत्र मिळाले. ज्याने ते यंत्र चालू केले त्याच्याच खिशातून चार दिवस गेले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. हा हिशेब कोणत्या बाजूने जुळतो ते आम्हांला कोणी समजावून सांगावे.

अशा वेळी ही मुले काय करतात? कोणाच्या तरी मोबाईलवर जुन्या पुस्तिकेची प्रत असते. ती व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरते. ती असते तीन-चार आवृत्त्या मागची. मधल्या काळात कंपनीने आज्ञा बदललेल्या असतात. जुन्या पुस्तकातली आज्ञा नव्या यंत्राला दिली की कधी काहीच होत नाही, कधी सारी मांडणी पुसली जाते. मग "अर्धशिक्षित पोराने यंत्र बिघडवले" असा शिक्का बसतो. पुस्तक नाकारायचे आणि पुस्तकाविना काम चुकले की अडाणी म्हणायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

सगळ्याच कंपन्या सारख्या आहेत असेही नाही. अमेरिकेतील सिस्को ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिच्या बहुतेक वापर-पुस्तिका कोणालाही वाचता येतात. पण यंत्रात घालायचे सुधारित सॉफ्टवेअर आणि मदतीचे बरेचसे साहित्य करारवाल्यांसाठी राखून ठेवलेले असते. तिच्या सी.सी.एन.ए. परीक्षेची फी ३०० डॉलर म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक आहे. काही कंपन्या याच्याही पुढे जातात आणि पुस्तिकेचे पहिले पानसुद्धा कराराशिवाय उघडू देत नाहीत. उलट लॅटव्हियासारख्या चिमुकल्या देशातली मायक्रोटिक ही कंपनी आपली सारी पुस्तिका उघड ठेवते. लहान केबलवाले आणि गावोगावचे इंटरनेटवाले तिची यंत्रे का घेतात, असे त्यांना विचारून पाहा. स्वस्त आहेत हे एक कारण ते सांगतील आणि अडले तर वाचून सुटते हे दुसरे.

कारकुनाच्या टेबलावरून

सार्वजनिक खरेदी कशी होते ते आम्ही जवळून पाहतो. तीन दरपत्रके मागवतात, तुलनात्मक तक्ता तयार करतात, सर्वांत कमी दराची शिफारस होते. या तक्त्यात काय लिहिलेले असते? कंपनीने छापलेल्या रंगीत माहितीपत्रकातले मुद्दे. हे यंत्र अमुक करते, तमुक करते. ते खरोखर कसे करते, त्यासाठी आणखी काय विकत घ्यावे लागते, कोणती सोय वेगळ्या परवान्याशिवाय चालत नाही, हे सारे पुस्तिकेत असते आणि पुस्तिका तर खरेदीनंतर, कराराबरोबर मिळणार! म्हणजे घरदार न दाखवताच लग्न ठरवायचे.

दुसरा मुद्दा पैशांचा. यंत्राची किंमत एकदा भरावी लागते. देखभालीचा करार दर वर्षी भरावा लागतो. देखभाल म्हणून पैसे घेणे गैर नाही. माणूस येतो, सुटा भाग बदलतो, त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. पण एकदा लिहून झालेली पुस्तिका वाचू देण्याला दर वर्षी कोणता खर्च येतो? ज्या शाळेला वा ग्रामपंचायतीला करार परवडत नाही, तिच्या भिंतीवर चांगले यंत्र असूनही ते मुके होऊन बसते.

तिसरा मुद्दा जुन्या वस्तूंचा. आपल्या वस्तीतल्या वाचनालयात, समाजमंदिराच्या अभ्यासिकेत नवी यंत्रे येतात कुठे? कोणत्या तरी कार्यालयाने काढून टाकलेला संगणक, कोणी तरी दिलेला राउटर, यांवरच आपले भागते. करार मूळ मालकाच्या नावावर असतो, त्यामुळे दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला पुस्तिकेचा दरवाजा बंद. शिवाय काही वर्षांनी कंपनी त्या यंत्राचा आधारच काढून घेते. यंत्र धडधाकट, पण त्याचे कागद नाहीसे.

आणि चौथा मुद्दा भाषेचा. या साऱ्या पुस्तिका इंग्रजीत. उघड असलेल्या पुस्तिकेतून एखादा जाणकार निदान टिपणे काढून मराठीत शिकवू शकतो. जे पान उघडताच येत नाही त्याचे मराठी कोण करणार?

कंपन्या काय म्हणतात

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्या म्हणतात, आमचे प्रतिस्पर्धी पुस्तिका वाचून नक्कल करतील. आमचे उत्तर असे की, आम्ही रचनेचे आराखडे मागत नाही. चिपच्या आत काय आहे, प्रोग्राम कसा लिहिला, ते तुमच्याजवळ राहू द्या. यंत्र कसे चालवायचे, दिव्याचा रंग बदलला तर काय समजायचे, चूक क्रमांकाचा अर्थ काय, आणि कोणता भाग कसा बदलायचा, एवढेच सांगा. तगडा प्रतिस्पर्धी तर बाजारातून यंत्रच विकत घेतो आणि उघडून पाहतो. कुलूप अडवते ते गरीब दुरुस्तीवाल्याला.

त्या असेही म्हणतात की, पुस्तिका उघड केली तर चोर-दरोडेखोर तिचा फायदा घेतील. हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. परंतु ऑगस्ट केरखॉफ्स या विद्वानाने १८८३ सालीच सांगून ठेवले होते की, सांकेतिक व्यवस्था अशी असावी की ती पूर्णपणे शत्रूच्या हाती लागली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती किल्ली. बाजारातले कुलूप कसे चालते हे प्रत्येक कुलूपवाल्याला ठाऊक असते, तरी आपण निर्धास्त झोपतो, कारण किल्ली आपल्या कमरेला असते. आणि ज्या बदमाशाला खरोखर घरफोडी करायची आहे, तो पुस्तिका कोठूनही मिळवतो. दोडामार्गच्या शाळेतला शिक्षक मिळवू शकत नाही.

सरकारलाही हा अनुभव आलेला आहे. २०१० साली केंद्राच्या दूरसंचार विभागाने परदेशी कंपन्यांच्या नेटवर्क यंत्रांचा मूळ प्रोग्राम आणि रचनेची माहिती सुरक्षिततेसाठी तिऱ्हाईताकडे ठेव म्हणून ठेवावी, अशी अट पुढे केली. कंपन्यांनी कडाडून विरोध केला आणि २०११ मध्ये अटी बदलल्या गेल्या. ती मागणी आमच्या मागणीपेक्षा पुष्कळच मोठी होती, हे खरे. परंतु एवढ्या मोठ्या देशाच्या सरकारला जिथे माघार घ्यावी लागते, तिथे एकटीदुकटी ग्रामपंचायत काय करणार, याचा विचार व्हावा.

उघड ठेवले म्हणून वाढले

गंमत अशी की ज्या इंटरनेटवर ही यंत्रे चालतात, ते इंटरनेट उघड कागदांवर उभे राहिले आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने पहिले टिपण लिहिले. हे शेवटचे वाक्य आहे असे कोणी समजू नये म्हणून त्याने त्याला नाव दिले, 'मत कळवण्याची विनंती'. आर.एफ.सी. म्हणतात ती हीच. आज अशी नऊ हजारांहून अधिक टिपणे आहेत. पत्रावर पत्ता कसा लिहायचा, पत्र हरवले तर काय करायचे, या साऱ्याचे नियम त्यांत आहेत आणि जगातला कोणीही माणूस ती फुकट वाचू शकतो. इंटरनेटचा पत्ता-नियम १९८१ साली अशाच टिपणातून प्रसिद्ध झाला. कंपन्यांनी या फुकटच्या नियमांवर आपली यंत्रे बांधली, त्यावर धंदा केला, आणि स्वतःच्या पुस्तिकेला मात्र कुलूप घातले.

आपल्या जवळचा दाखला द्यायचा तर तिलारीच्या घाटाने वर चढून बेळगाव ओलांडावे आणि कित्तूरला जावे. १९८४ साली केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. खेड्यातल्या उन्हाधुळीत, वातानुकूलन नसताना चालेल असे १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज तिने तयार केले आणि त्यातले पहिले १९८६ साली कित्तूरला बसले. सी-डॉटने हे तंत्र एका कंपनीच्या तिजोरीत ठेवले नाही. सरकारी आणि खासगी अशा अनेक कारखान्यांना ते परवान्याने दिले. ज्ञान वाटले गेले म्हणून कारखाने वाढले, जोडणारे हात वाढले, आणि पुढे गावोगावी पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ दिसू लागले. त्या बूथवर उभे राहून आपल्यापैकी कितीजणांनी मुंबईतल्या गिरणीकामगार भावाशी बोलणे केले असेल!

परदेशातला एक प्रसंगही सांगण्यासारखा आहे. २००३ साली लिंक्सिस कंपनीचा घरगुती राउटर बाजारात होता. त्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. त्या डब्यात लिनक्स हा सर्वांसाठी खुला असलेला प्रोग्राम वापरला होता. त्याच्या परवान्याची अट अशी की वापरणाऱ्याने आपला प्रोग्रामही मागणाऱ्याला दिला पाहिजे. जाणकारांनी तो मागितला, पाठपुरावा केला आणि कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी नावाचा खुला प्रोग्राम सुरू झाला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने राउटर त्यावर आजही चालतात. अशाच अटीवरून २००६ साली फ्रँकफर्टच्या न्यायालयाने डी-लिंकच्या जर्मन कंपनीविरुद्ध निकाल दिला. मागणारा चिवट असेल तर कुलूप उघडते, हे यावरून दिसते.

मोटारींचा निकाल

आपल्या देशातही एक मोठा निकाल झालेला आहे. तो नेटवर्कच्या यंत्रांचा नाही, मोटारींचा आहे. पण प्रश्न तोच. शमशेर कटारिया यांनी २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, मोटार कंपन्या सुटे भाग, बिघाड शोधण्याची साधने आणि दुरुस्तीची पुस्तिका बाहेरच्या मेकॅनिकला देत नाहीत. त्यामुळे गाडी घेतलेल्याला कंपनीच्याच गॅरेजात, कंपनीच्याच दराने जावे लागते. कंपन्यांनी आयोगापुढे सांगितले की बाहेरचे मेकॅनिक कुशल नाहीत, सुरक्षिततेला धोका होईल, आमचा बौद्धिक हक्क बुडेल. आयोगाने हे मान्य केले नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी टाटा, महिंद्र, मारुती, होंडा यांच्यासह १४ कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला आणि सुटे भाग, साधने व माहिती स्वतंत्र मेकॅनिकला उपलब्ध करून द्या, असा आदेश निघाला. पुढे अपिले झाली. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दोष कायम ठेवून दंड मात्र कमी केला.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. कंपन्या दुरुस्तीला उपयोगी पडणाऱ्या पुस्तिका प्रसिद्ध करण्याचे टाळतात, असे तेव्हा सरकारच्याच पत्रकात नमूद झाले. शेतीची यंत्रे, मोबाईल व तत्सम उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्या वेळी निवडली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले. कचेऱ्यांतल्या आणि ग्रामपंचायतीतल्या नेटवर्क यंत्रांचे नाव त्या चार क्षेत्रांत वेगळे आलेले नाही. ते यावे, अशी मागणी लावून धरली पाहिजे.

हा प्रश्न आपला कसा

कोणी म्हणेल, पोटापाण्याचे एवढे प्रश्न असताना हे कशाला? आम्ही म्हणतो, हा पोटापाण्याचाच प्रश्न आहे. जमीन आपल्याकडे फारशी नाही. काजूच्या बागा दुसऱ्याच्या, रबराचे मळे दुसऱ्याचे. आपल्या मुलांना हाताची कारागिरी आणि डोक्यातली विद्या यांवरच उभे राहायचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. कामगाराच्या मुलाने नुसते ओझे न वाहता यंत्राचा जाणकार व्हावे, ही त्यामागची दिशा होती. आज तो मुलगा यंत्राजवळ पोहोचला आहे आणि पुस्तकाजवळ अडवला गेला आहे.

एक काळ असा होता की रेडिओचे मागचे झाकण उघडले की आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला सापडे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा नकाशांची पुस्तके विकत मिळत. ती वाचून वस्तीवस्तीत रेडिओ आणि टी.व्ही. दुरुस्त करणारे तयार झाले. कित्येकांनी त्यावर संसार केले, मुलींची शिक्षणे केली. ते कोणाच्या करारावर अवलंबून नव्हते. त्यांच्या मुलानातवंडांना नेटवर्कच्या धंद्यात तेवढीच मोकळीक मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आपण काय करू शकतो

प्रथम, जिथे आपला माणूस शाळा समितीवर, ग्रामपंचायतीत, पतपेढीत किंवा एखाद्या संस्थेत आहे, तिथे त्याने खरेदीच्या वेळी तोंड उघडावे. दरपत्रक मागवतानाच लिहावे की यंत्राची पूर्ण पुस्तिका आधी पाहावयास द्या. पुरवठा आदेशात स्पष्ट अट घालावी की मांडणी, वापर व दुरुस्तीची पुस्तिका आणि चूक क्रमांकांची यादी यंत्राच्या आयुष्यभर विनामूल्य मिळेल. संस्थेला तिच्या प्रती काढता येतील. आणि संस्था ज्याला दुरुस्तीस बोलावेल त्याला ती दाखवता येईल. दोन यंत्रे सारखीच असतील तर ज्याची पुस्तिका उघड आहे ते घ्यावे.

दुसरे, यंत्राची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये करताना पुस्तिकेचीही नोंद करावी. पुस्तिका जमा झाल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये. बिल अडले की जे पत्रांनी होत नाही ते दोन दिवसांत होते, हा सर्व कचेऱ्यांतला अनुभव आहे.

तिसरे, यंत्राचा पासवर्ड ठेकेदाराच्या खिशात राहू देऊ नये. तो बंद लिफाफ्यात, सही-शिक्क्यानिशी कार्यालयाच्या कपाटात असावा. यंत्राची मांडणी उतरवून तिची प्रतही तिथेच ठेवावी. ठेकेदार बदलला म्हणून गावाचे इंटरनेट बंद पडणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

चौथे, हा विषय ग्रामसभेत काढावा. "आपल्या ग्रामपंचायतीतल्या पेटीची पुस्तिका कोणाकडे आहे? ती बंद पडली तर कोणाला बोलवायचे?" एवढे दोन प्रश्न विचारले आणि उत्तर ठरावात लिहून घेतले तरी पुष्कळ झाले. घरासाठी घेतलेल्या राउटरची किंवा मोबाईलची तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तेथे फोन करावा.

तरुणांना आमचे सांगणे आहे की, जे उघड आहे ते आधी पूर्ण वाचा. इंटरनेटचे मूळ नियम फुकट आहेत, खुल्या यंत्रांच्या पुस्तिका फुकट आहेत. पाया त्यावर पक्का होतो. मग कोणत्याही कंपनीचे यंत्र समोर आले तरी भीती वाटत नाही. आणि एक वही करा. कोणते यंत्र, कोणता बिघाड, कोणता क्रमांक दिसला, काय केले, काय झाले, हे तारखेसह आपल्या मराठीत लिहा. पाच मुलांच्या पाच वह्या एकत्र आल्या की दोडामार्गच्या पावसात कोणते यंत्र कसे बिघडते याचे असे पुस्तक होईल, जे कोणत्याही कंपनीकडे नाही. ते मात्र कपाटात ठेवू नका. मागच्या बाकावरच्या मुलालाही द्या.

आईवडिलांना एकच विनंती. मुलगा वा मुलगी रात्री मोबाईलवर काही वाचत असेल तर लगेच रागावू नका, काय वाचतो आहेस ते जवळ बसून विचारा. कदाचित तो यंत्राचे पुस्तक वाचत असेल. तसे असेल तर दिवा चालू राहू द्या.